पाटी उजळली, खोली रिकामी : अँबॉयच्या ‘रॉयज’विषयी

आज एकाच इमारतीबद्दल बोलतो. खरं सांगायचं तर इमारतीपेक्षा तिच्या पाटीबद्दल.

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात अँबॉय नावाचं गाव आहे. गाव म्हणजे काय, तर रेल्वेचे रूळ, जुना रूट 66, एक बंद पडलेली शाळा आणि ‘रॉयज’ हे मोटेल. 1926 साली रूट 66 सुरू झाला. 1938 मध्ये रॉय क्रोल यांनी इथे पेट्रोल आणि गाडीदुरुस्तीचा धंदा मांडला. पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी कॅफे आणि खोल्या वाढवल्या. 1959 मध्ये ती प्रसिद्ध, उंच, बाणासारखी पाटी उभी राहिली. आणि 1973 मध्ये उत्तरेकडून इंटरस्टेट 40 गेला. वाहतूक तिकडे वळली, गाव इकडे राहिलं.

मी तिथे गेलो तो मुलीच्या गाडीतून. पाटी लांबूनच दिसली. उतरलो, सगळ्यांसारखा फोटो काढला. मग रिसेप्शनच्या काचेतून आत डोकावलो. तिरकं छप्पर, मोठमोठ्या काचा, आत जुनं सामान नीट मांडलेलं. मागे छोट्या पांढऱ्या खोल्यांची रांग. मुक्काम मात्र करता येत नव्हता. तिथे मला पहिल्यांदा खटकलं.

आता बघा, व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन आणि आयझेनूर यांनी 1972 मध्ये लास वेगासवरच्या पुस्तकात एक महत्त्वाचं सांगितलं. धावत्या गाडीतून इमारत वाचता येत नाही, पाटी वाचता येते. म्हणून पाटी मोठी, इमारत साधी. ‘रॉयज’ला हे तंतोतंत लागू पडतं. पण या विचारात मला एक उणीव दिसते. पाटी म्हणजे नुसतं चिन्ह नव्हे, ते वचन आहे. रखरखीत उन्हात ‘इथे थांबा’ म्हणणं म्हणजे इथे पाणी आहे, अंथरूण आहे, असं सांगणं. आपल्याकडे पाणपोईवर पाटी लावली आणि रांजण कोरडा ठेवला, तर लोक काय म्हणतील?

आणि अँबॉयमध्ये पाणी हाच कळीचा प्रश्न. जमिनीखालचं पाणी खारं, पिण्याचं बाहेरून आणायचं. 2005 मध्ये कोंबडीच्या खानावळींची साखळी चालवणाऱ्या अल्बर्ट ओकुरा यांनी हे गाव विकत घेतलं. 2008 मध्ये पेट्रोल पंप पुन्हा सुरू केला. 2019 मध्ये पाटीचे निऑन दिवे पुन्हा लागले. 2023 मध्ये ते वारले. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण क्रम लक्षात घ्या. दिवे लावणं सोपं, नळाला पाणी आणणं अवघड.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी 1903 मध्ये वास्तूंच्या मूल्यांचा भेद केला. जीर्णतेचं मूल्य म्हणतं, पडतंय ते पडू द्या. ऐतिहासिक मूल्य म्हणतं, होतं तसं जपा. उपयोगाचं मूल्य म्हणतं, वापरात ठेवा. ‘रॉयज’मध्ये दुसऱ्याने तिसऱ्यावर मात केली आहे. आणि जपलंय तेही एकच वर्ष, 1959. मागचे-पुढचे हिशेब पुसले गेले.

हिशेब कुठले? याच काळात कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे थांबता येईल हे सांगणारं ‘ग्रीन बुक’ निघत होतं. 1936 पासून, तीस वर्षं. म्हणजे रूट 66 वरची प्रत्येक चमकती पाटी प्रत्येकाला उद्देशून नव्हती. हा मुद्दा एका मोटेलचा नाही, अख्ख्या रस्त्याचा आहे. पण स्मरणरंजन करताना तो सोडला, तर आपण रस्ता आठवत नाही, रस्त्याची जाहिरात आठवतो.

कुणी म्हणेल, सर, मग काय पाडून टाकायचं? अजिबात नाही. पंपावर पेट्रोल मिळतं, थंड पेय मिळतं. वचन अगदीच मोडलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की अशा इमारतीच्या जतनाची कसोटी पाटी किती उजळली ही नसावी. थकलेल्या माणसाला, कुठल्याही माणसाला, तिथे रात्र काढता येते का, ही असावी.

माझ्याकडे तो फोटो आहे. त्यात पाटी आहे, आकाश आहे. खोल्या चौकटीबाहेर राहिल्या, आणि ती चौकट माझीच होती. थांबतो इथे. प्रश्न असतील तर विचारा.