एक म्हणजे किती?

स्थलांतराचे नकाशे हा अलीकडे संशोधकांच्या विशेष आवडीचा चित्रप्रकार झाला आहे. गाव म्हणजे ठिपका, माणसे म्हणजे बाण. माणसे जितकी अधिक तितका बाण जाड. संगणकाच्या कृपेने हे बाण आता पडद्यावर धावूही लागले आहेत. ही चित्रे देखणी असतात यात शंका नाही. परंतु देखणेपणावर भाळून टीकाकाराने गप्प बसावयाचे नसते. या चित्रांना एक साधा प्रश्न विचारावयास हवा : तुमच्या हिशेबात ‘एक’ म्हणजे कोण?

या प्रकारातील थोर पूर्वसूरी म्हणजे फ्रेंच अभियंता चार्ल्स जोसेफ मिनार. 1858 सालच्या जगभरातील देशांतरितांचा त्याचा नकाशा 1862 साली निघाला. युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्या रुंद पट्ट्यांबरोबर हिंदुस्थानातून मजुरीसाठी समुद्रापार गेलेल्यांचे पट्टेही त्यात आहेत. पण मिनारचा खरा मोठेपणा पट्ट्यांत नाही, मथळ्यात आहे. आपला नकाशा ‘अंदाजी’ आहे हे त्याने मथळ्यातच सांगून टाकले. आजच्या किती चित्रांत हा विनय आढळतो?

पुढे 1885 साली रॅव्हन्स्टाईन या भूगोलज्ञाने ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे तपासून दाखविले, की जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक स्थलांतर करतात. लांबच्या बाणांवर खिळलेल्या नजरेला त्या दिसणे कठीणच होते.

आता आपल्याकडे पाहू. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकड्यांवरून एक अंदाज बांधला गेला : 2011 ते 2016 या काळात दर वर्षी सरासरी 90 लाखांच्या आसपास माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. ही युक्ती चतुर आहे. तिचे कौतुकच केले पाहिजे. पण दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या हाती रेल्वेचे तिकीट नसते, आणि राज्याची सीमाही त्यांनी ओलांडलेली नसते. या नकाशात त्यांना बाण कोठून मिळावा?

त्यांची मोजदाद होतच नाही असे मात्र नाही. ती मुकादमाच्या वहीत होते. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल द्यावयाची ती कोयत्यावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, वाहते. हिशेबात ती अर्धा कोयता.

मोबाइलमुळे अशा साऱ्या उणिवा भरून निघतील, अशी आशा आता बाळगली जाते. केनियात सुमारे दीड कोटी मोबाइलधारकांच्या हालचालींवरून मलेरिया कसा फिरतो, हे संशोधकांनी 2012 साली दाखविले. काम मोलाचे होते. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात स्वतः वापरता येईल असा फोन 54 टक्के स्त्रियांकडेच होता. ज्या जोडप्याजवळ एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, ते जोडपे नकाशावर एकच ठिपका होऊन चालते. म्हणजे पुन्हा कोयताच! फरक इतकाच की मुकादमाला आपण दोघांना एक धरले हे ठाऊक असते. नकाशाला ते ठाऊक नसते.

26 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत माणसागणिक नोंद होते, ही पायरी निश्चितच पुढची आहे. मात्र घरबसल्या स्वतःची नोंद करावयाची तर आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. तेव्हा प्रश्न पुन्हा त्याच खिशापाशी येऊन थांबतो.

नकाशे काढूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ते काढलेच पाहिजेत. न काढलेल्या नकाशाने कोणाचेच भले होत नाही. मागणे एवढेच, की चित्राखाली एक ओळ असावी : येथे ‘एक’ म्हणून कोणाला धरले आहे, आणि कोण सुटले आहे. मिनारने एका शब्दात जे साधले, ते आपल्याला एका ओळीत साधावयास हरकत नसावी.