पात्याची कमान, गारेची रेघ

हा काप साडेतीन इंच लांब आणि जेमतेम पाव इंच जाड. धारूर घाटाच्या पायथ्याला ओढ्याच्या रेतीत पडलेल्या, मुठीत मावेल अशा गारेतून तो निघाला आहे. ती गार बाहेरून अगदी सामान्य होती. मातकट, खडबडीत, कुठे कुठे हिरवट पापुद्रा. दख्खनच्या खडकातल्या जिओलाइट स्फटिकांचं तसं नसतं. नाशिक-जळगावच्या खाणीत किंवा पुण्याजवळच्या वाघोलीत खडकातली पोकळी फुटली की स्फटिक चमचमत समोर येतात, म्हणून त्यांचं कौतुक जगभर झालं. वाघोलीत जिओलाइटसोबत सापडणारा निळाशार कॅव्हन्साइट तर परदेशी संग्रहालयांतही मानाने मांडलेला असतो. गार मात्र फोडली तर तिचे वेडेवाकडे तुकडे होतात आणि आतली रचना हाती लागत नाही. ती कापावीच लागते. त्यामुळे गारेच्या सौंदर्याबद्दल बोलायचं तर तिला उघडणाऱ्या यंत्राबद्दलही बोलणं आलं.

आधी काप पाहू. कडेला दोऱ्याएवढी गडद हिरवी रेघ आहे. हे सेलाडोनाइट, दख्खनच्या खडकातल्या पोकळ्यांना अनेकदा आतून बसलेलं पहिलं अस्तर. त्याच्या आत निळसर राखाडी पट्टे सुरू होतात, इतके बारीक की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. पोकळीच्या भिंतीला जिथे खाच आहे तिथे प्रत्येक पट्टा वळतो, जिथे फुगवटा आहे तिथे फुगतो. बाहेरची एक लहानशी ठेच आत कितीतरी पट्ट्यांपर्यंत पोचलेली दिसते, दर पट्ट्यागणिक थोडी बोथट होत जाते आणि मग विरते. गारेचे सूक्ष्म तंतू भिंतीशी काटकोनात वाढतात आणि थर भिंतीशी समांतर चढतात, त्याचा हा परिणाम.

पण खालच्या तिसऱ्या भागात काहीतरी बदलतं. तिथे पट्टे भिंतीचं वळण सोडून देतात आणि सरळ आडवे होतात. पांढरा, राखाडी, पुन्हा पांढरा. एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत, आखल्यासारखे. त्यांच्या वर पारदर्शक स्फटिकांची गर्दी आहे, सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली, आणि मधोमध एक छोटी रिकामी जागा. डाव्या कडेला एका ठिकाणी पट्टे बाहेरच्या दिशेने ओढले जाऊन निमुळते होतात. ही नळी पाणी आत येण्याची वाट होती की आतला दाब बाहेर पडण्याची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मुळात इतके नियमित पट्टे का पडतात, याचंही सर्वांना मान्य असं उत्तर अजून मिळालेलं नाही. इतकी साधी, ओढ्यात पडलेली वस्तू इतका मोठा प्रश्न बाळगून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या आडव्या पट्ट्यांवर मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. आज तेलगावहून धारूरकडे चढणारा रस्ता त्यांच्याच पायऱ्यांवरून जातो. थिजताना त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका आणून त्या पोकळ्या भरल्या. भिंतीवरचे पट्टे सगळीकडून चढतात, पण हे आडवे थर गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसले. म्हणजे हा काप हातात धरून, आडव्या रेघा जमिनीशी समांतर होतील आणि स्फटिक त्यांच्या वर राहतील असा फिरवला, की गार त्या खडकात ज्या बाजूने खाली होती ती बाजू पुन्हा खाली येते. ओढ्याने तिला गडगडत आणलं, तिची दिशा पुसून टाकली. ती दिशा आत नोंदलेली राहिली.

हे दिसलं ते मात्र काप आडव्या थरांना छेदून गेला म्हणून. त्याच थरांना समांतर पातं चाललं असतं तर हातात एकरंगी, कोरा तुकडा आला असता. गार तीच, यंत्र तेच, आणि काही दिसलं नसतं. म्हणून पहिला काप कुठून घालायचा हा या कामातला सगळ्यात अवघड निर्णय असतो. गार पाण्यात भिजवून कडक उन्हात फिरवून पाहायची, एखादी टवका उडालेली जागा असेल तर तिथे पट्ट्यांची तिरीप शोधायची, पोकळीचा आकार कुठे चपटा आहे ते बोटांनी चाचपायचं. तरीही खात्री नसतेच.

जुन्या काळच्या जाणकारांना याच्या अगदी उलट काप हवा असायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन बाजारपेठांची नोंद आहे. भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून ऑनिक्स, म्हणजे पट्ट्यांच्या गारेचे दगड, मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात, असं तो लेखक सांगतो. रोमन लेखक प्लिनीनेही भारतीय सार्डोनिक्सचा, अशाच पट्ट्यांच्या दगडाचा, उल्लेख केला आहे. रोमन कोरक्यांना सरळ थरांचा दगड लागे, कारण ते थरांना समांतर काम करत. वरच्या पांढऱ्या थरात चेहरा कोरायचा आणि खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून उघडा पाडायचा. आपण ज्याला कोरा काप म्हणतो, तोच त्यांचा कागद होता. माजलगावजवळ मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, आणि त्याच गोदावरीच्या काठी वर पैठण आहे. गोदाकाठच्या गारेची पारख इतकी जुनी आहे, आणि तरीही आपल्याकडे ती रस्त्याच्या खडीत जाते, हे मला बोचतं.

आता यंत्राकडे येतो. हे दहा इंची पात्याचं जुनं यंत्र एका कॉलेजच्या भूशास्त्र प्रयोगशाळेच्या भंगारातून आलं. बिडाची टाकी, तिच्यावर उघडझाप होणारं झाकण, दोन दांड्यांवर सरकणारी गाडी, गाडीवर दगड धरणारा वाईस, आणि गाडीला बांधून कप्पीवरून खाली सोडलेल्या दोरीला लोंबणारं वजन. टाकीच्या तळाशी तेल आणि दगडाची पूड मिळून झालेला रेंदा इतका घट्ट बसला होता की तो खरवडूनच काढावा लागला. शाफ्ट हलत होता. पुलीची चावी झिजली होती. दांड्यांवर गंज होता, पण खड्डे पडलेले नव्हते, आणि सगळी आशा तिथेच होती. शाफ्ट नवा करता येतो, पण दांड्या खराब झाल्या असत्या तर गाडी सरळ चालली नसती.

अशा दुरुस्तीला तेलगाव हे फार सोयीचं ठिकाण आहे. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर रस्ते इथे एकमेकांना छेदतात, लोकनेते सुंदरराव सोळंके साखर कारखान्यामुळे ऊसवाहतुकीची वर्दळ, म्हणून ट्रॅक्टर, ट्रॉली, पंप यांची कामं करणारे हात जवळपास मिळतात. शाफ्टला लागलेलं 6204 नंबरचं बेअरिंग, आत 20 मिलिमीटर, बाहेर 47, हे शेतीच्या मोटारीतही सापडतं. शाफ्ट लेथवर कातून मिळाला, मोटार वायंडिंगवाल्याकडे बांधून झाली. 1440 फेऱ्यांच्या मोटारीवर अडीच इंची पुली आणि शाफ्टवर चार इंची, म्हणजे पातं मिनिटाला 900 फेरे घेतं. दहा इंची पात्याची कड त्या वेगाने मिनिटाला सुमारे 720 मीटर धावते. गारेला हा वेग मानवतो. पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मात्र कधी ओलांडायची नाही.

या पात्याला दात नसतात. पोलादी तबकडीच्या कडेला धातूत बसवलेले हिऱ्याचे कण असतात, आणि ते कापत नाहीत, घासत पुढे जातात. गार पोलादापेक्षा कठीण, म्हणून हिरा. हिऱ्याआधी कुरुंदाची पूड वापरून दगड घासत असत. प्रत्येक कणाच्या मागे धातूची एक बारीक शेपटी उरते आणि ती त्याला आधार देते, म्हणून पात्यावर दिलेल्या बाणाच्या दिशेनेच ते फिरवायचं. उलटं फिरवलं तर आधार नसलेले कण निखळून पडतात. दीर्घ वापराने धातू हिऱ्यांवर चोपडला जातो आणि पातं नुसतं गरम होऊन कुरकुरतं. तेव्हा बोथट जात्याला टाकी लावावी तसं त्यालाही जागं करावं लागतं. साध्या लाल विटेत दोन-चार काप घातले की वरचा धातू झिजतो आणि हिऱ्याची धार पुन्हा उघडी पडते.

सगळ्यात नाजूक काम गाडी आणि पातं समांतर आणण्याचं. यंत्र आधी पाणसळ लावून बसवलं. मग पात्यावर एका जागी खडूची खूण करायची, गाडीवर डायल गेज बांधायचं, खूण पुढच्या टोकाला आणून वाचन घ्यायचं, गाडी सरकवून आणि तीच खूण मागच्या टोकाला फिरवून पुन्हा वाचन घ्यायचं. पात्याची एकच जागा दोन्हीकडे मोजली की पात्याचा स्वतःचा बाक हिशेबात येत नाही, गाडीचा तिरपेपणा तेवढा उरतो. ही युक्ती ज्याने पहिल्यांदा वापरली त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार.

वजनाच्या जागी मोटारीवर फिरणारा स्क्रू बसवावा, असा सल्ला या यंत्राबाबत सहज मिळतो. मी तो मानला नाही. स्क्रू ठरावीक वेगाने दगड पुढे ढकलतो, समोर काय आहे याची त्याला पर्वा नसते. वजन ठरावीक ताकदीने ओढतं. गारेच्या रुंद भागात पात्याचा स्पर्श वाढतो तशी गाडी आपोआप मंदावते, कठीण स्फटिकापाशी थबकते, मऊ जागी पुढे सरते. दगडाला यंत्राचा वेग ठरवू देणारी ही रचना मूळ कर्त्याने जाणून केली होती. दुरुस्ती करताना तिचा मान राखणं मला टाकी रंगवण्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं. तिची एक अडचण आहे. शेवटी दगड अरुंद होतो, तेवढीच ओढ थोड्याशा जागेवर पडते, आणि काप पूर्ण होण्याआधीच उरलेला कडेचा भाग तुटतो. म्हणून शेवटाला वजनातले तुकडे एकेक करून उतरवायचे.

हे सगळं कापावर वाचता येतं. उजेड तिरपा धरला की पृष्ठभागावर पात्याच्या कमानी दिसतात, एकामागे एक, पात्याच्याच गोलाईच्या. त्या उथळ आणि समान अंतरावर असतील तर बेअरिंग आणि शाफ्ट ठीक. खोल चर असतील तर पातं डुलतंय. पृष्ठभाग बशीसारखा खोलगट असेल तर गाडी तिरपी आहे आणि पातं वाकत गेलं. मध्येच पायरी असेल तर वाईस सैल झाला. या कापात उजवीकडे तीन कमानी बाकीच्यांपेक्षा दाट आहेत: तिथे रब्बीच्या पाण्याच्या वेळी व्होल्टेज पडलं होतं आणि मोटार दमली होती. अगदी टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा ओठ आहे, वजन उतरवायला क्षणभर उशीर झाल्याचा.

हा काप आणि त्याच्या शेजारचं गारेचं अर्धुक समोरासमोर ठेवली की आणखी एक गोष्ट कळते. ती एकमेकांची हुबेहूब प्रतिबिंबं नाहीत. एका बाजूला निळ्या पट्ट्यांत मोहरीएवढा गोल डोळा आहे, दुसऱ्या बाजूला त्या जागी पट्टे नुसते किंचित फुगलेले आहेत. मधला दीड-दोन मिलिमीटरचा थर पात्याने खाल्ला आणि त्याची पूड तेलात गेली. डोळ्याची वाढ तिथेच कुठेतरी सुरू झाली असणार. कुणालाही न दिसलेला तो थर ही प्रत्येक कापाची किंमत आहे. म्हणून जाड, स्वस्त पात्यापेक्षा पातळ पात्याला जास्त पैसे मोजावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्या पुडीबद्दल एक गंभीर गोष्ट. ती सिलिका आहे. गुजरातेत खंबातला अकीक, म्हणजे हीच गार, घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसने ग्रासलं, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला. तिथले हात म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने आणि लोखंडी खुंटीवर मण्याला आकार देत आले, आणि फुप्फुसांनी त्याची किंमत दिली. जर्मनीत इदार-ओबरस्टाइनला कारागीर पालथे पडून, पाण्यावर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या चाकावर अकीक दाबत असत. सुंदर दगडामागे माणसाचं शरीर झिजलेलं असतं. घरी काम करताना झाकण बंद, तेल पुरेसं, तोंडावर योग्य मास्क, आणि सांडलेली पूड ओल्या फडक्यानेच पुसायची. पूड कोरडी झाडायची नाही आणि रेंदा ओढ्यात सोडायचा नाही. तेल डिझेल किंवा रॉकेल नको, ते पेट घेतं. वासरहित खनिज तेल महाग पडतं तरी तेच घ्यावं.

पुढे पॉलिश. सिलिकॉन कार्बाइडची 220, 400, 600 अशी पूड आणि शेवटी सेरियम ऑक्साइड चोळलं की कापात खोली उतरते, आडव्या पट्ट्यांमधला पांढरा रंग दुधासारखा घट्ट होतो आणि स्फटिकांतून उजेड आरपार जातो. या कापाची एक बाजू मी अशी केली आहे. दुसरी बाजू पॉलिश करू नये असं माझं म्हणणं आहे, आणि कुणी दुसऱ्याने असं जुनं यंत्र उभं केलं तर त्यालाही मी हेच सांगेन. पहिल्या काही कापांची एक बाजू पात्याने सोडली तशी ठेवावी, मागे तारीख, वजन आणि पुलीचं माप लिहावं. पुढच्या वेळी बेअरिंग खरखरलं किंवा गाडी हटली, तर यंत्र उघडण्याआधी त्या कमानी शेजारी ठेवून पाहता येतात.