चंडोलाचा स्वर

हिबारी म्हणजे चंडोल. योकोहामातल्या एका मासेविक्याच्या मुलीने, काझुए कातोने, मिसोरा हिबारी हे नाव घेतले आणि ते सार्थ केले. १९४९ साली, बाराव्या वर्षी, उंच हॅट आणि पुरुषी कोट घालून ती ‘कानाशिकी कुचिबुए’ या बोलपटात गायली. पोरीने थोरांची गाणी गावी, याला तेव्हा काही जाणत्यांनी नाके मुरडली. मला तो पिकलेला स्वर खोटा वाटत नाही. युद्धात होरपळलेल्या त्या मुलांना बालपण मिळाले होते कुठे?

तिची खरी थोरवी १९६६ च्या ‘कानाशिई साके’त आहे. हे गाताना तिच्या गालांवरून आसवे ओघळत, पण स्वर तसूभर ढळत नसे. भरदार खालच्या सुरातून ती अलगद चोरट्या आवाजात शिरते. सांधा कुठे, ते कळत नाही. आजारातून उठून १९८८ साली तिने तोक्यो डोम गाजवले आणि पुढच्याच वर्षी, बावन्नाव्या वर्षी, ती गेली.

२०१९ साली यंत्राने तिच्या आवाजात नवे गाणे गायिले. जुन्या चाहत्यांचे डोळे पाणावले. काहींना मात्र ती विटंबना वाटली. मीही त्यांतलाच. सूर बिनचूक आहेत, पण आसवे आवरण्याचे कष्ट त्यांत नाहीत. घरातल्या मुलांना ऐकवायचेच, तर १९५२ चे ‘रिंगो ओइवाके’ ऐकवा. मध्येच गाणे थांबवून ती आईवेगळ्या खेडवळ पोरीच्या बोलीत बोलू लागते. भाषा न कळताही मुले गप्प होतात.