एका माहितीपत्रकाचे रसग्रहण

मी पडलो बी. कॉम. वाङ्मयातले मला काही कळत नाही, असे आमच्या शेजारचे प्राध्यापक दर दिवाळी अंकाच्या मोसमात ऐकवतात. पण बावीस वर्षे काउंटरमागे बसून मी लोकांचे इतके कर्ज-अर्ज वाचले आहेत, की कल्पित वाङ्मय मला नुसत्या वासावरून ओळखता येते. त्या अधिकारावर आज एका पुस्तकाचे परीक्षण करतो.

पुस्तक सोळा पानी, गुळगुळीत आणि फुकट. विषय : हिवाळ्यात गुलमर्ग आणि औली, 'स्कीइंगसह'. लेखकाचे नाव छापलेले नाही. का छापले नाही, ते वाचून झाल्यावर कळते.

कथेचा नायक बर्फ. नायिका लाल जाकिटातली एक बाई. ती दुसऱ्या पानापासून बाराव्या पानापर्यंत सारखी घसरत असते, पण एकदाही पडत नाही. इथेच पात्रचित्रण फसले आहे. नवशिक्याला आधी शिकवतात ते थांबायला. दोन्ही फळ्यांची टोके आत वळवायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि मग पडायचे. सरकारी संस्थांचे प्राथमिक वर्गसुद्धा आठवडा-दोन आठवडे चालतात. आमच्या ग्रंथकाराने मात्र सारे एका ओळीत उरकले आहे : 'तिसरा दिवस. नाश्त्यानंतर स्कीइंग. दुपारी शालखरेदी.' शालींना अख्खी दुपार दिली आहे, हे मात्र वास्तववादी आहे.

नायकाच्या स्वभावाबद्दल तर अवाक्षर नाही. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे थंडीचा मोठा मुक्काम. खरा बर्फ याच दिवसांत पडायचा. पण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर महिनाभर गवतच दिसत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. आता सरकारला जो बर्फ वेळेवर मिळाला नाही, तो माझ्या रजेच्या तारखा पाहून पडेल काय? याचे उत्तर शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात आहे : 'बर्फवृष्टी निसर्गाधीन आहे.' अकरा पाने बर्फ विकायचा आणि तळटिपेत परत घ्यायचा! आमच्या बँकेतही हेच चालते म्हणा; पण आम्ही निदान फॉर्मवर नटी छापत नाही.

औलीचे प्रकरण त्याहून शिळे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात घरांना तडे गेले, माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि औलीला जाणारा रोपवे थांबवावा लागला. नवव्या पानावरच्या पाळण्याला याची वार्ताच नाही. तो मजेत तरंगतो आहे. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू गेले. जाहिरातीत मरण छापा असे मी म्हणत नाही. पण कुठल्या उतारावर जायचे नाही, एवढी एक ओळ शालींच्या वर बसली असती.

हे सारे परीक्षण मी रात्री जेवताना हिला वाचून दाखवले. चौथ्या पानावरचे गुलमर्गचे शिवमंदिर तर मी खास शेवटी ठेवले होते. 'आप की कसम'मध्ये (१९७४) राजेश खन्ना आणि मुमताज जिथे भांग पिऊन नाचले ते मंदिर. म्हटले, "हे बघ, हे जून २०२४ मध्ये आगीत जळलं. आणि यांनी फोटो छापलाय शाबूत!"

हिने ताटात हात धुतला नाही, तेवढाच काय तो फरक. हा सिनेमा तिने लग्नाआधी दूरदर्शनवर पाहिला होता. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो, तेव्हा मी म्हटले होते, "पुढच्या वर्षी काश्मीर." मग माझी बदली, मग घराचे हप्ते, मग चिरंजीवांचे क्लास.

"जळलं?" ती म्हणाली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तेव्हाच."

"आणि मला आज सांगताय."

मी आमटी वाढून घेतली.

जरा वेळाने ती म्हणाली, "चुका किती ते छान काढलंत हो. पैसे किती, ते काढलंत का?"

काढले होते. दोघांचे, विमानासकट, एलटीसी वजा जाता. जमत होते. गेल्या वर्षीही जमत होते.

ती उठून आत गेली आणि कपाटातून दोन लोकरी कानटोप्या घेऊन आली. माझ्या टोपीवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. सेलमधली, तीन वर्षांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या कंपनीला फोन केला. विचारले, "टंगमर्गच्या पुढे रस्त्यावर बर्फ असला तर टायरना साखळ्या कोण बांधणार? तुम्ही की आम्ही?"

पलीकडची मुलगी गोंधळली. "सर, हे अजून कोणी विचारलं नव्हतं."

"मग विचारून ठेवा," मी म्हटले, "आणि दोन जागा लिहून घ्या."