नारळ आणि मुगूट

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने शर्यतीचा जो दाखला दिला आहे, तो आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी मंडळ्यांपुढे सांगताना उपदेशक 'मुगूट' या एका शब्दावर राजवैभवाचे सारे चित्र उभे करतात. या रीतीस आमचा आक्षेप आहे.

मूळ शब्द 'स्तेफानोस' होय. राजमुकुटास ग्रीक भाषेत 'दियादेमा' हा निराळा शब्द असून तो प्रकटीकरण 19:12 मध्ये येतो. खेळातील स्तेफानोस म्हणजे पानांचे कडे : ऑलिंपियास रानटी जैतुनाचे, डेल्फीस लॉरेलचे. करिंथाजवळ इस्थमुस येथे दर दोन वर्षांनी पोसायडन देवाच्या सन्मानार्थ खेळ भरत. तेथे ते कधी पाइनच्या डहाळ्यांचे असे, तर कधी अजमोद्याचे, आणि तोही वाळलेला! पौल इ. स. 51च्या सुमारास करिंथात होता. 'नाशवंत' म्हणजे काय, हे तेथील लोकांस समजावून सांगावे लागले नसेल.

तथापि ग्रीक मल्ल केवळ पानांसाठी झुंजत, हेही खरे नव्हे. अथेन्सच्या सोलोनाने इस्थमुसच्या विजेत्यास 100 व ऑलिंपियाच्या विजेत्यास 500 द्राख्मे ठरविले होते, असे प्लुतार्ख लिहितो.

आपल्या जत्रेतील कुस्त्यांचा फड याहून फार वेगळा नाही. पोरांच्या कुस्त्या नारळावर लागतात. मोठ्या जोडीला रोख रक्कम वा चांदीचे कडे. जिंकलेला नारळ घटकाभरात फुटतो आणि सवंगड्यांत वाटला जातो. ज्या श्रोत्याने हे पाहिले आहे, त्याच्यापुढे सोन्याचा मुगूट कशासाठी धरावा? त्यामुळे पौलाचा मुख्य भर जो संयमावर आहे, तोच झाकला जातो. ऑलिंपियाचे स्पर्धक दहा महिने सराव केल्याची शपथ घेत. पहाटेचे जोर-बैठका आणि खाण्यापिण्याचे नियम आपल्या मल्लांसही चुकलेले नाहीत.

मग पर्यायी शब्द कोणता? 'हार' म्हणावे, तर फडात पराभवासही हारच म्हणतात. 'पर्णमाला' पोथीतच शोभेल. आमच्या मते वाचनात 'मुगूट' राहू द्यावा आणि विवरणात नारळाचे नाव घ्यावे. मत्तय 27:29 मध्ये काट्यांसंबंधानेही स्तेफानोस हाच शब्द आहे. तेथे मात्र शिपायांना राजाचीच थट्टा करावयाची होती, म्हणून तेथील 'मुगूट' आम्हांस योग्य वाटतो.