‘अ‍ॅरोस्मिथ’मधील न विचारलेला प्रश्न

सिंक्लेअर लुईस या अमेरिकन कादंबरीकाराची ‘अ‍ॅरोस्मिथ’ ही कादंबरी १९२५ सालीं प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक जाहीर झालें व लुईसनें तें नाकारलें. १९३० सालचें नोबेल पारितोषिक मात्र त्यानें घेतलें. या मानापमानाच्या कथा आतां शिळ्या झाल्या आहेत. कादंबरी शिळी झालेली नाहीं. परंतु यंदा ती पुन्हां हातीं घेतली तेव्हां तिचा जो भाग आम्हांस पूर्वीं सर्वांत उदात्त वाटे, तोच या वेळीं गळ्याखालीं उतरेना. असें कां झालें, तें येथें सांगावयाचें आहे.

कथानक थोडक्यांत असें : मार्टिन अ‍ॅरोस्मिथ हा डॉक्टर. मॅक्स गॉटलीब या करड्या जर्मन ज्यू गुरूपासून त्यानें संशोधनाची दीक्षा घेतलेली. जंतूंचा फडशा पाडणारें ‘फेज’ त्याच्या हातीं लागतें, आणि त्याच सुमारास वेस्ट इंडीजमधील सेंट ह्यूबर्ट या कल्पित बेटावर प्लेग उद्भवतो. गुरूची आज्ञा अशी कीं, निम्म्या लोकांना फेज टोचावें, निम्म्यांना तसेंच ठेवावें, आणि दोहोंकडील मृत्यु मोजावे. करुणा कितीही दाटून आली तरी हा नेम मोडूं नये. सोंडेलियस हा दिलदार स्वीडिश सहकारी, सर्वांना मिळेपर्यंत आपण टोचून घेणार नाहीं असा हट्ट धरतो आणि मरतो. मार्टिन दुसरीकडे प्रयोगांत गुंतला असतां त्याची पत्नी लिओरा, घरांतल्या प्रयोगशाळेंतील जंतु लागलेली एक सिगारेट ओढून, एकटी मरते. मग मार्टिनचा धीर सुटतो व तो मागेल त्याला फेज देतो. जग त्याला तारणहार म्हणतें. तो स्वतःला गुरुद्रोही समजतो.

लिओराच्या मृत्यूचें प्रकरण हें या कादंबरीचें वैभव होय. लुईस हा मूळचा उपहासकार. डॉक्टरांचे धंदे, संस्थाचालकांची कीर्तिलोलुपता यांवर त्याची लेखणी चाबकासारखी चालते. येथें मात्र त्यानें चाबूक खालीं ठेविला आहे. एक बाई, एक रिकामें घर, वाढत जाणारा ताप, आणि कोणी न येणें. एवढ्याच सामग्रीवर त्यानें जें साधलें तें भल्याभल्यांना साधत नाहीं. 

कांहीं वर्षांपूर्वीं ही कादंबरी आम्ही बी. ए.च्या वर्गांत शिकवीत होतों. सत्य आणि करुणा यांच्या झगड्यावर आमचें व्याख्यान चांगलें रंगलें होतें, निदान आमची तशी समजूत होती. तास संपतां संपतां मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, पण त्या निम्म्या लोकांना कोणीं विचारलें होतें का?” आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. तें काय दिलें हें न सांगणेंच बरें.

तो प्रश्न मनांत ठेवून वाचूं लागलें कीं कादंबरीचा तोल एकदम ढळतो. बेटावर परवानगीची वाटाघाट होते ती गव्हर्नर आणि त्याचे अधिकारी यांच्याशीं. ज्यांच्या दंडांत सुई जावयाची, किंवा जावयाची नाहीं, ते बहुतेक मळ्यांवरचे काळे मजूर; ते रांगेनें उभे असतात, आक्रोश करितात, मरतात; परंतु संमति देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार असलेलीं माणसें म्हणून ते कोठेंच दिसत नाहींत. झगडा सारा मार्टिनच्या अंतःकरणांत. सत्य जिंकलें काय किंवा करुणा जिंकली काय, निर्णय डॉक्टरचाच! गॉटलीबला ते आंकडे वाटतात, सोंडेलियसला लेंकरें वाटतात. लुईस या दोघांमध्यें आपल्याला निवड करावयास सांगतो, आणि तिसरा पक्ष आहे याची दोघांसही दाद नाहीं.

त्या काळीं असा विचार कोणास सुचणें शक्य नव्हतें, असें म्हणून लेखकाची सुटका करितां येत नाहीं. सेंट ह्यूबर्ट कल्पित असलें तरी त्याच समुद्रांत क्यूबा आहे. तेथें १९०० सालीं वॉल्टर रीडच्या मंडळानें पीतज्वर डांसांमुळें होतो कीं काय हें पाहण्यासाठीं माणसांवर प्रयोग केले. मंडळांतील लॅझियर हा डॉक्टर त्याच तापानें त्या वर्षाच्या सप्टेंबरांत दगावला. पुढें जे स्पॅनिश स्थलांतरित प्रयोगास तयार झाले त्यांच्याशीं लेखी करार झाला, तो त्यांना समजेल अशा स्पॅनिश भाषेंतही. शंभर डॉलर सोन्यांत, आणि ताप आल्यास आणखी शंभर. गरिबाच्या संमतीला सोन्याचा वास आला कीं ती कितपत मोकळी राहते, ही शंका आहेच. तरी विचारावें लागतें एवढें तरी त्या कागदानें मान्य केलें होतें. या कादंबरीची शास्त्रीय बाजू ज्यानें लुईसला पुरविली, त्या पॉल डी क्रुईफ या जंतुशास्त्रज्ञानें पुढच्याच वर्षीं आपल्या ‘मायक्रोब हंटर्स’ या ग्रंथांत रीडवर एक सबंध प्रकरण लिहिलें. तेव्हां माहिती नव्हती असें नव्हे.

प्लेगच्या गांवांत निम्म्यांना टोचून निम्म्यांना तसेंच ठेवण्याची कल्पनाही लुईसची नव्हे. ती आपल्याकडे प्रत्यक्षांत आली होती. मुंबईस प्लेग सुरू झाल्यावर हाफकिननें ग्रँट मेडिकल कॉलेजांतील खोलींत आपली लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली. तेव्हां तयार झालेल्या कैद्यांना टोचून उरलेल्यांशीं तुलना करण्यांत आली. कैदी ‘तयार’ होतो म्हणजे काय, हें वाचकांनींच ठरवावें. १८९८च्या फेब्रुवारींत हाच प्रयोग बडोद्याजवळील उंडेरा गांवीं झाला. तेथें प्रत्येक कुटुंबांतील निम्म्या माणसांना टोचलें व निम्म्यांना वगळलें. शास्त्राच्या दृष्टीनें हें फार चतुराईचें होतें. एकच छप्पर, एकच हवा, एकच अन्न. मग फरक पडला तर तो लशीचाच. फरक पडलाही. टोचलेल्यांत मृत्यु पुष्कळच कमी झाले, आणि त्या ज्ञानाचा लाभ पुढें लाखोंना मिळाला, हें कोणीही प्रांजळपणें कबूल करील.

पण ज्या आईच्या एका मुलाला टोचलें आणि दुसऱ्याला नाहीं, तिनें त्या रात्रीं दोघांची अंथरुणें कशीं घातलीं असतील? प्रसंग हा असा आहे. लुईसच्या हातीं तो आयता आला होता. त्यानें डॉक्टरच्या बायकोची मृत्युशय्या रंगविली, आणि ती आई रांगेंतच उभी राहिली.

गॉटलीबची बाजू मात्र आम्ही सोडून देणार नाहीं. मार्टिनची करुणा एक गोष्ट गृहीत धरून चालते, ती ही कीं फेज गुणकारी आहे. तें तर अजून ठरावयाचें होतें! प्लेगवरचें रूढ औषध असें स्थान फेजला खऱ्या जगांत कधींच लाभलें नाहीं. म्हणजे तशाच बेटावर तशाच डॉक्टरनें तें सर्वांना वांटलें असतें, तर त्याचें तारण खोटें आणि अज्ञान मात्र खरें ठरलें असतें. तुलना टाळून दया करणारा डॉक्टर पुष्कळदां आपल्याच मनाचें समाधान करीत असतो. तेव्हां तुलना हवी. तिच्यांत सांपडणाऱ्या माणसास तें सांगून, त्याची संमति घेऊन ती करावी, एवढाच वाद आहे.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हे. कादंबरीनंतर सातच वर्षांनीं, १९३२ सालीं, लुईसच्याच देशांत टस्केगी येथें सरकारी आरोग्यखात्यानें उपदंशानें पीडलेल्या सुमारें चारशें काळ्या पुरुषांवर ‘निरीक्षण’ सुरू केलें. रोगाचें खरें नांव त्यांना सांगितलें नाहीं. पेनिसिलिन गुणकारी ठरल्यावरही तें त्यांना दिलें नाहीं. आणि हें १९७२पर्यंत चाललें. गॉटलीबनें असें कधींच केलें नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु माणसाला न विचारण्याची मुभा एकदां उदात्त ठरविली म्हणजे ती गॉटलीबच्याच हातीं राहते असें नाहीं. जर्मनींत १९३१ सालीं अशा प्रयोगांसाठीं सरकारी नियम झाले होते. पुढें तेथील छावण्यांत काय घडलें तें सर्वश्रुत आहे, आणि १९४७ सालीं न्यूरेंबर्गच्या निकालांत जीं दहा कलमें घातलीं गेलीं, त्यांतील पहिलें स्वेच्छेच्या संमतीचें होतें.

कादंबरीचा शेवटही आतां आम्हांस निराळा दिसतो. मार्टिन आपलें दुसरें लग्न, मूल, संपत्ति, सर्व सोडून टेरी विकेट या मित्राबरोबर व्हरमाँटच्या रानांत प्रयोगशाळा थाटतो. लुईसच्या मतें हा विजय आहे. सरोवरांतील एका ओबडधोबड होडींत बसून दोघे पुढील प्रयोगांच्या गप्पा मारीत असतां पुस्तक मिटतें. रान शांत आहे, काचेचीं भांडीं स्वच्छ आहेत, कोणास कांहीं विचारावें लागत नाहीं; आणि सेंट ह्यूबर्टवर जीं माणसें उरलीं, तीं त्या गप्पांत कोठेंच शिरत नाहींत.