भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील विस्तार : खिल, प्रक्षेप आणि राखून ठेवलेला अंश

प्रस्तावना

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम हा कथनाचा एक दीर्घ प्रकार आहे. खेळणारी व्यक्ती एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारते, त्याच्या वतीने निर्णय घेते आणि त्या निर्णयांचे परिणाम भोगत पन्नास-शंभर तास एका कल्पित जगात वावरते. असा खेळ विकत घेतल्यानंतर त्याच खेळाचा आणखी एखादा भाग इंटरनेटवरून डाउनलोड करून घेण्यासाठी निराळे मूल्य मागितले जाते. ते द्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या हिशेबाचा वाटतो आणि त्यावरील बरीचशी चर्चा ‘किती पैशांत किती तास’ या त्रैराशिकापाशीच थांबते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न कृतीच्या पूर्णत्वाचा प्रश्न म्हणून तपासला आहे. विस्ताराचे मोल त्याच्या लांबीवरून नव्हे, तर मूळ कृतीशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरते, असे येथे प्रतिपादन आहे.

या नात्याचे वर्गीकरण करण्यासाठी भारतीय ग्रंथपरंपरेतील दोन संज्ञा उपयोगी पडतात. हरिवंश हे महाभारताचे ‘खिल’ मानले जाते. म्हणजे मूळ ग्रंथ आपल्या जागी उभा असताना त्याला जोडलेली पुरवणी. याउलट ‘प्रक्षेप’ म्हणजे मूळ संहितेत मागाहून घुसवलेला मजकूर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना असा मजकूर मूळ संहितेपासून वेगळा काढला. आजच्या बाजारपेठेने यांत तिसऱ्या प्रकाराची भर घातली आहे. तो म्हणजे मूळ कृतीतून राखून ठेवून स्वतंत्रपणे विकलेला अंश.

एकाच खेळाची दोन उदाहरणे

खेळांचे विस्तार ही डाउनलोडच्या काळाची निर्मिती नव्हे. २००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट २’ ची कथा ‘थ्रोन ऑफ बाल’ या २००१ च्या विस्ताराने शेवटास नेली आणि तो विस्तार तबकडीच्या रूपात दुकानांतून विकला गेला. तबकडी तयार करणे व दुकानापर्यंत पोहोचविणे खर्चाचे असल्याने विस्तारही तेवढाच भरीव असावा लागे. डाउनलोडने ही अट काढून टाकली. त्यामुळे अगदी क्षुल्लक वस्तूही विक्रीस ठेवणे शक्य झाले.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ या बेथेस्डा कंपनीच्या खेळाचे आहे. मार्च २००६ मध्ये हा खेळ आला आणि एप्रिलमध्ये घोड्याचे चिलखत एक्सबॉक्स ३६० वर अडीच डॉलरना विक्रीस आले. खेळाच्या कथेत वा निर्णयांत त्यामुळे कोणतीही भर पडत नव्हती. पुढे हे चिलखत अशा विक्रीच्या उपहासाचे प्रतीकच बनले. त्याच खेळाचा ‘शिव्हरिंग आइल्स’ हा विस्तार मार्च २००७ मध्ये तीस डॉलरना आला. किंमत बारापट, परंतु येथे शियोगोरॅथ या वेडाच्या देवतेचे संपूर्ण राज्य उभे केले आहे. मूळ कथेत नायक हा सिंहासनाच्या वारसाचा साहाय्यक असतो आणि अंतिम त्याग तो वारस करतो. विस्तारात मात्र नायकालाच अखेर त्या वेड्या देवतेची जागा घ्यावी लागते. साहाय्यकाचा सत्ताधीश होणे आणि तेही शहाणपणाच्या नव्हे तर वेडाच्या राज्यात, ही मूळ कथेवरील मार्मिक टिप्पणी आहे. हा विस्तार न खेळताही मूळ खेळ पूर्ण राहतो आणि खेळल्यास त्याचा अर्थ वाढतो. खिलाचे लक्षण ते हेच. स्वस्त वस्तू महाग पडते आणि महाग वस्तू मोलाची ठरते, हे या जोडीवरून स्पष्ट व्हावे.

प्रक्षेप : बदललेला शेवट

‘फॉलआउट ३’ (२००८) चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. खेळाच्या शेवटी शुद्ध पाण्याचा प्रकल्प सुरू करण्यासाठी घातक किरणोत्सर्ग असलेल्या कक्षात कोणीतरी जाणे आवश्यक असते. नायक स्वतः जातो अथवा दुसऱ्यास पाठवतो आणि कथा तेथेच संपते. किरणोत्सर्गाची बाधा न होणारा फॉक्स हा साथीदार जवळ असूनही तो जाण्यास नकार देतो. हा नकार अनेकांना तर्कहीन वाटला. २००९ मधील ‘ब्रोकन स्टील’ या विस्ताराने तो दोष दूर केला. फॉक्सला पाठवण्याची सोय झाली, नायक जिवंत राहू लागला, खेळ पुढे चालू राहिला आणि पात्राच्या प्रगतीची मर्यादा विसाव्या पातळीवरून तिसाव्या पातळीपर्यंत वाढली. तासांच्या हिशेबात हा लाभाचा व्यवहार होय. परंतु त्यागाचा प्रसंग निस्तेज झाला, ही त्याची दुसरी बाजू. शिवाय दोष मूळ कृतीचा आणि दुरुस्तीचे मूल्य मात्र ग्राहकाने द्यावयाचे, हेही न्याय्य म्हणता येत नाही. ‘मास इफेक्ट ३’ च्या शेवटावर तीव्र नाराजी व्यक्त झाल्यावर बायोवेअरने जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला. तो मार्ग अधिक उचित होता.

राखून ठेवलेला अंश

तथापि त्याच ‘मास इफेक्ट ३’ ने तिसऱ्या प्रकाराचेही ठळक उदाहरण दिले. मार्च २०१२ मध्ये खेळ ज्या दिवशी आला, त्याच दिवशी ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ हा भाग दहा डॉलरना विक्रीस होता. त्यातून जाविक हा साथीदार मिळतो. तो प्रोथियन या नष्ट झालेल्या वंशाचा अखेरचा जिवंत प्रतिनिधी आहे. संपूर्ण त्रिखंडात्मक कथेचे रहस्य ज्या वंशाभोवती फिरते, त्याचा एकमेव साक्षीदार निराळे पैसे भरल्याशिवाय भेटत नाही. मुख्य खेळाचे काम आटोपल्यावर हा भाग पूर्ण केला, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. खेळ तयार होणे आणि बाजारात येणे यांत काही काळ जातो व त्या काळात काही कर्मचारी मोकळे असतात, हे खरे आहे. परंतु एखादा अंश केव्हा लिहिला गेला यावरून त्याचे कृतीतील स्थान ठरत नाही. जाविकचे स्थान कथेच्या केंद्रस्थानी आहे. म्हणून त्याला पुरवणी म्हणता येत नाही.

‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये तर हा व्यवहार कथेच्या आतच आला. नायकाच्या तळावर एक पात्र मदतीची याचना करते आणि संवाद पुढे नेताच ‘वॉर्डन्स कीप’ हा विस्तार विकत घेण्याचा पर्याय समोर येतो. याचक आणि विक्रेता यांच्यातील भेद तेथे पुसला जातो व कल्पित जगावरील विश्वासाला तडा जातो.

खिलाची यशस्वी रूपे

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेच्या ‘द विचर ३’ (२०१५) ला जोडलेली सोळा लहान पुरवणी-खंडे विनामूल्य होती. मूल्य केवळ दोन मोठ्या विस्तारांना होते. त्यांपैकी ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (ऑक्टोबर २०१५, दहा डॉलर) हा पान त्वार्दोव्स्की या सैतानाशी करार करणाऱ्या पोलिश लोककथेतील पुरुषाच्या आख्यायिकेचा आधार घेतो. ऑल्गियर्डला अमरत्व मिळते. त्या बदल्यात त्याचे हृदय दगडाचे होते आणि पत्नीवरील प्रेम आटते. मूळ खेळातील विस्तीर्ण युद्धकथेशी तुलना करता ही एका संसाराच्या नाशाची छोटी कथा आहे. तिचा लहानपणाच तिचे बळ ठरतो. ‘ब्लड अँड वाइन’ (मे २०१६, वीस डॉलर) मध्ये आयुष्यभर भटकणाऱ्या गेराल्टला द्राक्षमळा व घर मिळते आणि त्याच्या कथेला निरोपाचा सूर लाभतो.

‘एल्डन रिंग’ (२०२२) च्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या विस्ताराला २०२४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळासाठी नामांकन मिळाले. विस्तार ही स्वतंत्र मूल्यमापनास पात्र कृती असू शकते, याची ती पावतीच होय. मात्र चाळीस डॉलरच्या या विस्तारात प्रवेश करण्यापूर्वी मूळ खेळातील राडान व मोग या दोन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना हरवावे लागते. मूळ खेळात तेवढे पुढे न गेलेल्याला ही खरेदी निरुपयोगी ठरते.

टिकाऊपणाचा प्रश्न

तबकडी कपाटात ठेवता येते आणि दुसऱ्यास देता येते. डाउनलोड केलेल्या विस्ताराबाबत मिळतो तो वापराचा परवाना. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले आणि त्या यंत्रावर नवे विस्तार विकत घेण्याचा मार्ग खुंटला. २०२१ मध्ये ‘मास इफेक्ट’ मालिकेची एकत्रित आवृत्ती निघाली, तेव्हा ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ सह जवळजवळ सर्व कथाविस्तार मूळ खेळांत समाविष्ट झाले. परंतु पहिल्या खेळाचा ‘पिनॅकल स्टेशन’ हा भाग मूळ संगणकीय संहिता बिघडल्यामुळे घेता आला नाही. कथनशास्त्राच्या अभ्यासकाने कोणती संहिता प्रमाण मानावी, हा प्रश्न त्यामुळे येथेही उभा राहतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मूळ कृती स्वयंपूर्ण असून विस्तार तिच्या अर्थात भर घालीत असेल, तर तो घेण्याजोगा आहे; मात्र मूळ खेळ पूर्ण केल्यानंतरच. केवळ अलंकरण असेल, तर ते कितीही स्वस्त असले तरी टाळावे. शेवट बदलणारा विस्तार घेताना मूळ शेवट आधी अनुभवावा. आणि ज्या विस्तारावाचून मूळ कथा अपुरी राहते, त्यासाठी निराळे मूल्य देण्याऐवजी एकत्रित आवृत्तीची वाट पाहणे श्रेयस्कर. कारण अपुरी कृती पूर्ण म्हणून विकण्याच्या प्रथेला ग्राहकाच्या अधीरतेनेच बळ मिळते. खिलाचा आदर करावा, पण मूळ ग्रंथाची पाने फाडून त्यांनाच खिल म्हणू देऊ नये.